घरच्या काळ्या शिलाई मशीनवर ट्रेकचं सामान शिवायचं असेल तर

पावसाळी ट्रेकचा हंगाम संपेपर्यंत सॅकचा एखादा पट्टा उसवलेला असतो, रेनकव्हरचं इलॅस्टिक सैल पडलेलं असतं, ताडपत्रीचा एक कोपरा फाटलेला असतो. त्याच घरात पायाने चालवायचं काळं मशीन झाकून ठेवलेलं असतं, आणि "हे ब्लाउज-परकराचं मशीन, जाड कापड याला झेपायचं नाही" असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं. उषा, सिंगर, रीटा, नाव कुठलंही असो, ओतीव लोखंडाचं हे साधं सरळ टिपेचं मशीन नायलॉन, कॉर्ड्युरा (सॅकचं जाड, दणकट कापड) आणि पट्ट्यांचे दोन-तीन थर नीट शिवतं. ते अडतं ते बहुतेक वेळा चुकीची सुई, चुकीचा दोरा, आत साठलेला कचरा किंवा चुकीचं तेल यामुळे. मेकॅनिकला बोलावण्याआधी खालच्या क्रमाने एकेक गोष्ट बघून घ्या. क्रम महत्त्वाचा आहे, कारण टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याच्या ताणाचा, स्क्रू फिरवून सुईचा दोष जात नाही.

हे सगळं काळ्या लोखंडी मशीनबद्दल आहे. नव्या हलक्या इलेक्ट्रिक मशीनमध्ये पुष्कळदा प्लास्टिकचे गिअर असतात. त्यांच्यावर पातळ कापडाचं काम करा, वेबिंगचे (सॅकच्या जाड विणलेल्या पट्ट्यांचे) थर चढवू नका.

आधी साफसफाई

सुई सगळ्यात वर येईल इतकं चाक फिरवा, मग बॉबिन केस (खालच्या दोऱ्याची रिळी, म्हणजे बॉबिन, जिच्यात बसते ती डबी) बाहेर काढा. शटल (वरच्या दोऱ्याचा फासा पकडणारा टोकदार भाग) धरून ठेवणारी कडी काही मशीनवर दोन छोट्या खिटक्यांनी सुटते, काहींवर स्क्रू असतात. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे बसवताना शटलचं तोंड कुठे होतं हा प्रश्न उरत नाही. शटल ज्या खाचेत फिरतं तिथे दोऱ्याचे तुकडे आणि तेलात भिजलेली कापसाची गादी सापडेल. जुन्या टूथब्रशने आणि लाकडी टूथपिकने ती काढा. सुईखालची प्लेट काढून दात्यांच्या मधल्या फटीही साफ करा. या फटी भरल्या की दाते वर येत नाहीत, कापड पुढे सरकत नाही आणि एकाच जागी टाक्यांचा ढीग होतो.

आता शटलच्या टोकावरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथे बारीक खरड आहे, आणि प्रत्येक टाक्याला दोरा त्या खरडीवर घासतो. "नवा दोराही तुटतो" ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते. हजार नंबरच्या किंवा त्याहून बारीक पॉलिश पेपरने ती जागा हलक्या हाताने गुळगुळीत करा. टोक बोथट होऊ देऊ नका, फक्त खरड घालवायची आहे. सुई आपटल्यामुळे प्लेटच्या भोकाच्या कडेलाही अशीच खरड येते. तिचा उपायही तोच.

तेल

शिलाई मशीनचं म्हणून मिळणारं पातळ, पांढरं तेलच वापरा. खोबरेल किंवा खाण्याचं कुठलंही तेल घालू नका. असं तेल काही महिन्यांत सुकून चिकट होतं आणि मशीन जड चालायला लागतं. वर्षानुवर्षं पडून असलेलं मशीन चाक फिरवताना अडत असेल तर सगळ्या तेलाच्या भोकांत थोडं रॉकेल सोडा, पाच-दहा मिनिटं रिकामं चालवा, काळं पाणी सुटेल ते पुसा आणि मग लगेच मशीनचं तेल घाला. रॉकेल वंगण नाही. ते आत तसंच ठेवून शिवायला बसलात तर धातूवर धातू घासेल.

वरच्या भोकांत तेल घालायचं सगळ्यांच्या लक्षात असतं, मशीन उलटं करून खालच्या सांध्यांत घालायचं राहून जातं. दोन्हीकडे एकेक थेंब पुरतो. शटलच्या खाचेत एकच थेंब. नंतर रद्दी कापडावर मोठी टीप मारा, जादा तेल त्यात उतरेल. नवी रिपस्टॉप (चौकटीच्या विणीचं पातळ नायलॉन) समोर घेण्याआधी हे नक्की करा, कारण नायलॉनवर पडलेला तेलाचा डाग सहज निघत नाही. मोटर बसवलेली असेल तर मोटरीत तेल घालू नका.

सुई

टाके सुटू लागले की पहिला उपाय नवी सुई, मग बाकीचं. लेप दिलेलं कापड आणि वेबिंग सुईचं टोक भराभर बोथट करतं. एका सॅकला एक सुई हा हिशोब धरा, ही काही उधळपट्टी नाही.

घरगुती मशीनच्या सुईच्या दांडीची एक बाजू चपटी असते आणि पाकिटावर एचए×1, 15×1 किंवा 130/705 एच असं लिहिलेलं असतं. कारखान्यातल्या मशीनच्या डीबी×1 सुया गोल दांडीच्या असतात, त्या इथे चालत नाहीत. नंबर जोडीने येतात: 75/11, 90/14, 100/16, 110/18. पहिला आकडा सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो, म्हणजे 90 नंबरची सुई 0.90 मिमी जाड. दुसऱ्या आकड्याने सांगायचं तर ताडपत्री किंवा रेनकव्हरच्या पातळ रिपस्टॉपला 11, 420 डेनिअरच्या (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) सॅकच्या कापडाला 14 किंवा 16, 1000 डेनिअर कॉर्ड्युरा आणि वेबिंगला 16 ते 18.

बसवताना सुई वरपर्यंत ढकला आणि बाजू तपासा. सुईवर एक लांब खाच असते. दोरा सुईच्या डोळ्यात ज्या बाजूने शिरतो त्या बाजूला ती लांब खाच हवी, आणि चपटी बाजू शटलकडे. उलटी बसलेली सुई एकही टाका घेत नाही, आणि "मशीन बिघडलं" म्हणून दुकानात आणलेल्या मशीनमध्ये ती हमखास सापडते.

दोरा आणि टेन्शन

सुती दोरा वापरू नका. तो पाण्याने कुजतो, आणि सॅक वर्षातले चार महिने ओलीच असते. पॉलिएस्टर घ्या. दोऱ्याच्या जाडीचा नंबर म्हणजे तिकीट नंबर, तो जितका लहान तितका दोरा जाड. बहुतेक कामांना तिकीट 80 चा दोरा पुरतो. वेबिंगसाठी तिकीट 40 चा बॉण्डेड (तंतू एकमेकांना चिकटवलेला) नायलॉन किंवा पॉलिएस्टर 18 नंबरच्या सुईत चालतो. त्याहून जाड दोरा या मशीनवर चढवू नका, शटलभोवती तो फिरायला जागाच नसते.

टेन्शन खालून वर लावायचं. भरलेलं बॉबिन केसमध्ये घालून दोऱ्याला केस लोंबकळत धरा. आपसूक खाली घसरली तर केसवरची दोरा दाबणारी पट्टी सैल आहे, झटका देऊनही हलली नाही तर घट्ट. हलक्या झटक्याला बोट-दोन बोटं उतरून थांबली की बरोबर. केसच्या पट्टीवर दोन स्क्रू असतात. टोकाचा पट्टी धरून ठेवतो, त्याला हात लावू नका. मधला पाव-पाव फेराच फिरवा. पट्टीखाली दोऱ्याचा एखादा तंतू अडकला असेल तर कितीही फिरवून टेन्शन लागत नाही, म्हणून आधी तिथून कागदाची कडा फिरवा.

आता वरचा दोरा ओवा, तोही फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) वर उचलून, म्हणजे टेन्शनच्या चकत्या सैल असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये नीट बसतो. ज्या कापडावर काम करायचं त्याच कापडाच्या दोन थरांवर टीप मारा. खालच्या बाजूला गाठी-फासे दिसले तर वरचा दोरा सैल आहे, किंवा तो चकत्यांत बसलाच नाही, किंवा वर-खाली होणाऱ्या लिव्हरच्या भोकातून ओवायचा राहिला. खालचा सगळा गुंता बहुधा वरच्या दोऱ्यामुळे होतो, लोक मात्र आधी बॉबिन बदलतात. वरच्या बाजूला बॉबिनचा दोरा ओढून आलेला दिसला तर वरचं टेन्शन कमी करा. गाठ दोन थरांच्या मध्ये लपली पाहिजे.

तरीही टाके सुटत असतील तर

सुई, दोरा, टेन्शन सगळं ठीक असूनही टाके सुटत असतील तर सुई आणि शटलची वेळ बघा. जाड थरावर सुई आपटली की सुईचा दांडा (सुई ज्यात बसते तो वर-खाली होणारा गज) किंचित वर सरकतो, हा जाड काम करणाऱ्यांच्या मशीनचा नेहमीचा आजार आहे.

प्लेट काढा, नवी सुई लावा, चाक हाताने आपल्याकडे फिरवा. सुई अगदी खाली जाईल आणि वर यायला लागेल. ती साधारण 2 मिमी वर आली की डोळ्याजवळ दोऱ्याचा छोटा फासा फुगतो. नेमकं त्याच वेळी शटलचं टोक सुईच्या मागून गेलं पाहिजे, डोळ्याच्या वर साधारण दीड मिमीवर. टोक डोळ्याच्या पातळीवर किंवा खाली जात असेल तर दांडा वर सरकलेला आहे. डाव्या टोकाचं झाकण काढा, आत दांडा धरणारा स्क्रू दिसेल. तो थोडाच सैल करा, दांडा गोल फिरू न देता खाली घ्या, स्क्रू कसा आणि पुन्हा चाक फिरवून बघा. टोक डोळ्याच्या फार वर जात असेल तर दांडा वर घ्या. टोक आणि सुई यांच्यात कागद जाईल इतकीच फट हवी. ही फट खूप वाढलेली असेल तर शटल झिजलं आहे. नवं शटल बसवून घ्या, हे काम मेकॅनिकला द्यायला हरकत नाही.

शिवताना

जाड थर आला की पायडल सोडून चाकावर हात ठेवा. चार टाके हाताने घ्या, सुई वाकण्याचा धोका तिथेच संपतो. एक थर ते पाच थर अशी पायरी असेल तर फूटच्या मागे तितक्याच जाडीचा पुठ्ठा सरकवा. फूट सपाट राहिला की टाका सुटत नाही. फूटचा दाब वरच्या स्क्रूने थोडा वाढवा, आणि पातळ कापडाला परत कमी करा, नाहीतर सिल्नायलॉनवर (सिलिकॉनचा लेप दिलेल्या पातळ नायलॉनवर) चुण्या पडतील. टाका जाड कामाला 3 ते 4 मिमी ठेवा. बारीक टाके मजबूत वाटतात, पण ते कापडाला भोकांची रांग पाडतात आणि ओझं आलं की तिथूनच फाटतं.

झिगझॅग नसल्याची खंत नको. पट्टा जिथे जोडायचा तिथे चौकोन शिवून आत फुली मारा, त्यावर आणखी एकदा फिरा. वेबिंगची कापलेली कडा मेणबत्तीवर हलकी वितळवून घ्या. टाचण्या फक्त शिवणीच्या बाहेरच्या कडेला लावा किंवा क्लिप वापरा, लेप दिलेल्या कापडाला पडलेलं भोक बुजत नाही. लेपाची बाजू फूटला चिकटत असेल तर वर बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा. शिवणीतून पाणी येऊ नये म्हणून त्या बंद करायच्या तर पीयू (पॉलियुरेथेन) लेपावर पीयूचं सीलर आणि सिलिकॉनच्या कापडावर सिलिकॉनचंच. उलट केलं तर ते सोलून निघतं.

सुरुवात सामान भरायच्या पिशवीपासून करा, मग गेटर (बूट आणि पोटरीवर चढवायचं आवरण), मग रेनकव्हर. पण क्लाइंबिंग हार्नेस, स्लिंग, ज्याच्यावर माणसाचं वजन लोंबणार आहे असं काहीही घरच्या मशीनवर शिवू नका आणि दुरुस्तही करू नका. हार्नेसची एक टीप जरी उसवली तरी तो कापून फेकून द्या, म्हणजे दुसरं कोणी उचलून वापरणार नाही.

पायडलचा चामडी पट्टा पावसाळ्यात सैल पडतो आणि जाड कापडावर चाक नुसतं थांबतं. पट्ट्याची तार उघडा, बोटभर कापा, नवं भोक पाडून पुन्हा जोडा. फार ताणलात तर पायडल जड होईल. कोकणात, गोव्यात खारी हवा असते. तिथे काम झाल्यावर प्लेट, फूट आणि सुईचा दांडा तेलाच्या फडक्याने पुसा, फूटखाली सुती कापडाचा तुकडा ठेवून तो खाली करा, आणि मशीन प्लास्टिकने नव्हे तर कापडाने झाका. प्लास्टिकखाली ओल धरून राहते. पंधरा दिवसांनी एकदा नुसतं रिकामं फिरवलं तरी सांधे अडत नाहीत.