तिकीट काढा, ‘रिमूव्ह’ करू नका

एकोणतीस वर्षं बेस्टची कंडक्टरकी केली. आता चाळीतली पोरं संध्याकाळी इंग्रजी विचारायला येतात. सुरुवात मी तिकिटापासून करतो, कारण त्याच शब्दाने माझी फजिती केली होती.

व्हीटीहून कुलाब्याला जाणारी गाडी. एक गोरी बाई चढली. मी पंच टिकटिकवत रुबाबात म्हणालो, “मॅडम, रिमूव्ह टिकिट!” ती बिचारी पर्स उपसायला लागली. नसलेलं तिकीट काढणार कुठून? आपण तिकीट काढतो, इंग्रज ते विकत घेतो: ‘बाय अ टिकिट’.

गावाला जायचं असेल तर ‘टू’ लावा: ‘अ टिकिट टू पुणे’. नाटक, सामना, सिनेमा असेल तर ‘फॉर’. दोन असली तर ‘टिकिट्स’. आणि लोकलमध्ये आपण ‘विदाऊट पकडला’ म्हणतो ना, ते इंग्रजाला कळत नाही. त्याला पुढचं ‘अ टिकिट’ही लागतं. पासाला तिकडे सीझन टिकिट म्हणतात.

मूळ शब्द जुन्या फ्रेंचमधला. चिकटवण्याच्या क्रियापदावरून चिकटवलेल्या चिठ्ठीचं नाव पडलं, इंग्रजीने सोळाव्या शतकात ते उचललं आणि तोंडचा ‘ए’ गाळला. अठराव्या शतकात तोच शब्द फ्रेंचमधून पुन्हा आला, या खेपेला ‘ए’सकट: एटिकेट, म्हणजे शिष्टाचार. गर्दीच्या गाडीत या दोन सख्ख्या बहिणी एकत्र चढलेल्या मी फारशा पाहिल्या नाहीत.

मला सगळ्यात आवडतं ते पोस्टाचं तिकीट. जीभ लावून पाकिटावर डकवायचं, म्हणजे अगदी मूळ अर्थाला धरून! पण इंग्रजीत तिथे ‘स्टँप’च म्हणा.

वाहतूक पोलिसाने दिलेलं टिकिट म्हणजे दंडाची पावती. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार एकाच टिकिटावर उभे राहतात. आपल्याकडे निवडणुकीत तिकीट कापलं की माणूस रडतो. आम्ही दिवसभर तिकिटं फाडायचो, कोणी रडलं नाही. माझी भाची आयटीत आहे. ती ‘तिकीट रेज केलं’ म्हणाली तेव्हा मला वाटलं भाडं वाढवलं. तिने तक्रार नोंदवली होती.

तर त्या बाईचं. मागच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोराने मला हळूच सांगितलं, “मामा, ‘बाय’ म्हणा, ‘बाय’.” मी तिच्याकडे वळून जोरात म्हणालो, “मॅडम, बाय! बाय!” ती घाबरून उतरायलाच निघाली.