ग्रूव्ही स्क्रिप्टला स्वतःचा बेस-क्लास कसा जोडावा

ग्रूव्ही या जावाच्या व्यासपीठावर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेत क्लास न लिहिता सुट्या ओळी लिहिल्या, की कंपायलर त्यांचा एक क्लास करतो. तो ग्रूव्हीच्या 'स्क्रिप्ट' क्लासवरून येतो आणि तुमच्या ओळी त्याच्या 'रन' मेथडमध्ये जातात. प्रत्येक स्क्रिप्टमध्ये लॉगिंगचा तोच कोड चिकटवण्यापेक्षा मधे आपला क्लास, म्हणजेच बेस-क्लास, घालावा. पूर्वी त्यासाठी कंपायलरच्या कॉन्फिगरेशनमध्ये हात घालावा लागे. आवृत्ती २.२ पासून स्क्रिप्टमधले @बेसस्क्रिप्ट हे ॲनोटेशन (कंपायलरसाठी कोडला लावलेली खूण) ते काम करते.

१. रिपोर्टबेस नावाचा ॲब्स्ट्रॅक्ट क्लास त्याच नावाच्या फाइलमध्ये लिहा. तो 'स्क्रिप्ट'ला एक्स्टेंड करायलाच हवा, नाहीतर स्क्रिप्टमधल्या @बेसस्क्रिप्टपाशी कंपायलर अडवतो. त्यात 'विभाग' हे फील्ड आणि 'लॉग' ही मेथड ठेवा.

२. ही फाइल स्क्रिप्टशेजारी ठेवून त्याच फोल्डरमधून चालवा. दुसरीकडून चालवायची असेल तर क्लासपाथ, म्हणजे क्लास कुठे शोधायचे तो पत्ता, द्या. नाहीतर क्लास सापडत नाही अशी एरर येते.

३. स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'ग्रूव्ही.ट्रान्सफॉर्म' पॅकेजमधून ॲनोटेशन इम्पोर्ट करा आणि लिहा:

@बेसस्क्रिप्ट रिपोर्टबेस बेस

पुढे = लावून किंमत देऊ नका, ते चालत नाही. 'बेस' हे व्हेरिएबल म्हणजे ती स्क्रिप्टच. आता 'लॉग' थेट वापरता येते.

४. 'विभाग' भरताना सेटर मेथड वापरा. नुसते = लावले आणि त्याच नावाचे व्हेरिएबल बाइंडिंगमध्ये (स्क्रिप्टची व्हेरिएबल्स ठेवणाऱ्या, बाहेरूनही भरता येणाऱ्या साठ्यात) आधीच असले, तर किंमत तिकडे जाते. फील्ड रिकामेच राहते आणि बेस-क्लासमधली मेथड 'नल' छापते.

खरी ताकद पुढे आहे. प्रत्येक स्क्रिप्टच्या आधी आणि नंतर काही हमखास व्हायला हवे असेल, तर 'रन' बेस-क्लासमध्ये लिहावीशी वाटते. पण नुसती तेवढीच लिहिली तर स्क्रिप्टची 'रन' तिला झाकते आणि तुमचा कोड मुकाट्याने वगळला जातो. एररही येत नाही, म्हणून ही चूक शोधायला फार वेळ जातो. उपाय असा: बेस-क्लासमध्ये 'काम' ही एकच ॲब्स्ट्रॅक्ट मेथड जाहीर करा, रिटर्न-टाइप ऑब्जेक्ट ठेवा. मग स्क्रिप्टच्या ओळी 'रन'ऐवजी 'काम'मध्ये जातात. तुमच्या 'रन'मध्ये सुरुवातीची वेळ नोंदवा, 'ट्राय'मध्ये 'काम'ला कॉल करा आणि उघडलेल्या फाइली 'फायनली'मध्ये बंद करा. स्क्रिप्ट अर्ध्यात कोसळली तरी फाइली बंद होतात. 'रन' सोडून अशा दोन मेथड ॲब्स्ट्रॅक्ट ठेवल्यात, तर मात्र ही सोय मिळत नाही.

बेस-क्लासला कन्स्ट्रक्टर लिहायचाच असेल, तर बिनपॅरामीटरचा एक नक्की ठेवा. त्यात किंवा फील्डच्या सुरुवातीच्या किमतीत बाहेरून आलेले बाइंडिंग वाचू नका. ते कन्स्ट्रक्टर संपल्यावर जोडले जाऊ शकते, त्यामुळे असे वाचन 'रन'मध्येच करा.