अमेरिकेतल्या कॉलेजनं एड कमी दिली तर अपील कसं करायचं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांसाठी

ॲडमिशन मिळालं पण एड, म्हणजे कॉलेजकडून मिळणारी आर्थिक मदत, कमी आली की आता काय होणार म्हणून गप्प बसणारी घरं आपल्या भागात खूप आहेत आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. कारण कॉलेजनं काढलेला आकडा हा तुम्ही भरलेल्या फॉर्मवरनं निघालेला असतो, आणि तो फॉर्म महिन्याला पगार येणाऱ्या अमेरिकन घराचा विचार करून बनवलाय. आजोबांच्या नावावरची जमीन, थकलेलं ऊसबिल, सोसायटीचं कर्ज, पिग्मी हे सगळं त्यात कुठल्या रकान्यात बसवायचं हेच कळत नाही, मग आपण काहीतरी भरतो आणि तिकडचा माणूस ते वाचून समजतो की यांची बरीच प्रॉपर्टी आहे. अपील म्हणजे हात पसरणं नव्हे, फॉर्ममध्ये जे नीट मांडता आलं नाही ते कागदासकट मांडणं. कॉलेजांना अशी पत्रं दरवर्षी येतात, त्यांची त्यासाठी ठरलेली पद्धत असते, आणि सभ्यपणे विचारलं म्हणून कोणी ॲडमिशन काढून घेत नाही.

पहिलं काम, एड लेटर कागद-पेन घेऊन वाचा. त्यात ग्रँट किंवा स्कॉलरशिप म्हणून जे आहे तेवढेच पैसे खरे मिळालेले. लोन लिहिलं असेल तर ते फेडायचंय, आणि कॅम्पस जॉबचा आकडा असेल तर ते पैसे मुलानं तिथं जाऊन काम केल्यावर थोडे थोडे मिळणार, ऑगस्टची फी त्यातनं भरता येत नाही. मग एकूण खर्च बघा, म्हणजे फी, राहणं, जेवण, हेल्थ इन्शुरन्स, पुस्तकं, विमान सगळं. समजा हा खर्च वर्षाला ८८ हजार डॉलर आहे आणि ग्रँट ६१ हजार, तर तुमच्या अंगावर २७ हजार. आता घरात बसून खरोखर किती जमतंय ते ठरवा. १४ जमत असतील तर कमी पडतात १३ हजार, आणि अपीलमध्ये हाच १३ हजारांचा आकडा मागायचा. "जास्तीत जास्त मदत करा" असं मोघम लिहिलेल्या पत्रावर तिकडच्या माणसाला काही करता येत नाही. आणि हे ४ वर्षांचं आहे, पहिल्या वर्षी कसंतरी जमवू मग बघू असं करून पाठवू नका.

मग तुम्हाला मिळालेली मदत कुठल्या प्रकारची आहे ते बघा. मेरिट स्कॉलरशिप असेल तर घरची परिस्थिती सांगून फारसा फरक पडत नाही, तिथं त्याच तोडीच्या दुसऱ्या कॉलेजनं जास्त दिलं असेल तर ते लेटर जोडून ॲडमिशन ऑफिसला विचारायचं. घरची ऐपत बघून दिलेली मदत असेल तर फायनान्शियल एड ऑफिस, आणि तिथं कागद बोलतात. यूट्यूबवर फाफ्सा फाफ्सा (अमेरिकन सरकारी मदतीचा फॉर्म) म्हणून जे व्हिडिओ आहेत ते अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी, आपल्या मुलांना ती सरकारी मदत मिळत नाही. आपला फॉर्म बहुतेक वेळा सीएसएस प्रोफाइल (बरीच कॉलेजं वापरतात तो घरच्या ऐपतीचा ऑनलाइन फॉर्म) किंवा कॉलेजचा स्वतःचा. अर्ज करताना एड नकोच म्हणून टिक केलं असेल तर मात्र अवघड आहे, बऱ्याच कॉलेजांचा नियमच असतो की परदेशी मुलांनी नंतर मागायचं नाही, त्यामुळे आधी त्यांच्या वेबसाइटवर तेवढं वाचून घ्या. अर्ली डिसिजनवाल्यांनी, म्हणजे निवड झाली तर याच कॉलेजला येणार असं लिहून देऊन लवकर अर्ज केलेल्यांनी, घाबरू नये, एड पुरेशी नसेल तर त्या करारातनं सुटता येतं, फक्त लेखी कळवावं लागतं.

आता जमिनीचं, कारण आपल्याकडचे बरेचसे आकडे इथंच बिघडतात.

उतारा काढा. समजा ६ एकर आहे आणि अजून आजोबांचंच नाव आहे, आजी-आजोबा दोघंही गेलेत, मागे ३ मुलं आणि १ मुलगी. वाटण्या झालेल्या नाहीत. फॉर्ममध्ये वडिलांनी ६ एकर लिहिलं, कारण कसतात तेच. पण वडिलांचा हिस्सा दीड एकर आहे, आत्याचाही तेवढाच, २००५ च्या कायद्यानं मुलीला बरोबरीचा हक्क आहे आणि तो धरायचाच. म्हणजे कॉलेजनं तुमची प्रॉपर्टी चौपट धरली. हे दाखवायला वंशावळीचा दाखला काढा, नाडकचेरीत (तालुक्याखालच्या सरकारी महसूल ऑफिसात) अर्ज करायचा, तलाठ्याची चौकशी होते आणि मिळतो, आणि तो उताऱ्याबरोबर जोडून एका वाक्यात हिशोब लिहा.

दुसरी गोष्ट भाव. बेळगावच्या आसपास, रिंग रोड बायपासच्या पट्ट्यात लोक गुंठ्याचा भाव डोक्यात ठेवून बोलतात आणि फॉर्ममध्येही तोच लिहितात, प्लॉटचा भाव. तुमची जमीन एनए (बिगरशेती) झालेली नसेल तर ती शेतजमीन आहे, शेतजमीन म्हणून गावात ज्या भावानं व्यवहार होतात तो भाव लिहायचा आणि सब-रजिस्ट्रारकडची गाईडन्स व्हॅल्यू (सरकारनं ठरवलेला जमिनीचा दर) सोबत जोडायची. कमी करून लिहा असं मी अजिबात सांगत नाहीये, जे आहे ते लिहा, पण जे नाही ते लिहू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात उपयोगाची आणि कोणी करत नाही. तिकडचा ऑफिसर म्हणतो जमीन आहे ना मग त्यावर कर्ज काढा. पण शेतजमीन तारण घेऊन एज्युकेशन लोन द्यायला बँका सहसा तयार होत नाहीत, कारण २००२ च्या सरफेसी कायद्यातनं शेतजमीन वगळलेली आहे, कर्ज बुडालं तर बँकेला त्या कायद्याखाली ती विकता येत नाही. तेव्हा तुमच्या बँकेच्या मॅनेजरना भेटून "शेतजमीन या कर्जासाठी तारण म्हणून चालत नाही" असं लेटरहेडवर दोन ओळी इंग्लिशमध्ये लिहून मागा. पहिल्यांदा नाही म्हणतील, परत जा. जमीन आहे पण तिचे पैसे करता येत नाहीत ही गोष्ट बँकेच्या कागदावर असली की तिकडचा माणूस ती मानतो.

उत्पन्नाचंही असंच. फॉर्ममध्ये मुख्य आकडा जुन्या वर्षाचा असतो, २०२६ ला जाणाऱ्या मुलाला २०२४ चं उत्पन्न विचारतात. ते वर्ष उसाला चांगलं गेलं असेल आणि आत्ता बिल अडकलं असेल तर ते सांगायलाच पाहिजे. ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे, पण किती जणांना तसे मिळतात ते आपल्याला माहीत आहे. कारखान्याच्या वजनाच्या पावत्या आणि पासबुकात बिल कधी जमा झालं ती पानं, एवढं समोरासमोर ठेवलं की उशीर आपोआप दिसतो. निपाणीकडे तंबाखूचं, शहापूर-वडगावात मागाचं, उद्यमबागमध्ये फाउंड्रीतल्या ओव्हरटाइमचं, ज्याचं जे असेल त्याचा कागद. आयटीआर भरत नसाल किंवा त्यात आकडा अगदी छोटा असेल तर स्पष्ट लिहा की भारतात शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही म्हणून असं दिसतंय, नाहीतर वाचणाऱ्याला वाटतं की काहीतरी लपवलंय. सोसायटीचं कर्ज, बहिणीचं शिक्षण, घरातल्या कोणाचं डायलिसिस, हेही पावत्यांसकट.

इथं एक धोका आहे आणि त्यावर मी अडून बसतो. नाडकचेरीचा उत्पन्नाचा दाखला. पुष्कळ घरात तो शाळेच्या स्कॉलरशिपसाठी कधीतरी काढलेला असतो, वर्षाला ३०-४० हजार वगैरे, आणि तो ५ वर्षं चालतो म्हणून तोच पुढे ओढला जातो. तो दाखला आणि ६ लाखांची उलाढाल दाखवणारं पासबुक एकाच मेलमध्ये गेलं तर तुमच्या बाकी सगळ्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास जातो. दाखला आजच्या खऱ्या उत्पन्नाचा नवीन काढा, वेळ नसेल तर तो जोडूच नका, पासबुक आणि पावत्या पुरेशा आहेत. तोच खोटा आकडा पुढे व्हिसाच्या वेळीही आडवा येतो.

आपले उतारे, दाखले सगळे कानडीत, त्यामुळे भाषांतर लागणार. कोर्टाच्या आवारात नोटरीकडे करून मिळतं, पण नावांची स्पेलिंग पासपोर्टसारखीच आहेत का, एकर-गुंठे बरोबर उतरलेत का हे स्वतः बसून बघा. एका एकरात ४० गुंठे हे तिकडच्या माणसाला माहीत नसतं, तेही खाली लिहा. मूळ कागद आणि भाषांतर एकाच पीडीएफमध्ये, आणि फाइलला नाव असं द्या की न उघडता कळावं आत काय आहे.

पत्र मुलानं किंवा मुलीनं स्वतः लिहायचं, इंग्लिशमध्ये, एका पानाच्या आत. मजकूर साधारण असा असू दे:

"मला प्रवेश आणि ६१ हजार डॉलरची ग्रँट दिल्याबद्दल आभारी आहे. तुमच्याच कॉलेजला यायची माझी इच्छा आहे. आमच्या घराला वर्षाला १४ हजार डॉलर देणं शक्य आहे, २७ हजार शक्य नाही. फॉर्ममध्ये दाखवलेली ६ एकर शेतजमीन चार वारसांची आहे, वडिलांचा हिस्सा दीड एकर, कागद १ आणि २. ही जमीन बँक तारण घेत नाही, कागद ३. गेल्या हंगामातल्या उसाचे पैसे अजून पूर्ण आलेले नाहीत, कागद ४. या माहितीवरून माझ्या मदतीचा फेरविचार करावा आणि १३ हजार डॉलर वाढवता येतील का ते कळवावं. उत्तर येईपर्यंत प्रवेश निश्चित करायची मुदत वाढवून मिळाली तर बरं होईल."

एवढंच. स्वप्नं, लहानपण, गावाचं वर्णन हे ॲडमिशनच्या निबंधात लिहून झालेलं असतं, इथं नको. दुसऱ्या कॉलेजनं जास्त दिलं असेल तर एका ओळीत सांगा आणि लेटर जोडा, पण धमकीच्या सुरात नको. फॉर्म भरला तेव्हाचा डॉलरचा भाव आणि आजचा भाव यात फरक पडला असेल तर तेही लिहा, आपलं उत्पन्न रुपयात आहे आणि त्यांची फी डॉलरमध्ये. पाठवायच्या आधी वेबसाइटवर अपीलचा वेगळा फॉर्म आहे का बघा, असेल तर तोच भरायचा, नुसता मेल बाजूला पडतो.

वेळेचं गणित घट्ट आहे. निकाल मार्चअखेरपर्यंत येतात आणि बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत होकार कळवायचा असतो, मध्ये इकडं केसीईटीही (कर्नाटकातली इंजिनिअरिंग वगैरेची प्रवेश परीक्षा) असते. त्यामुळे नाडकचेरीचे आणि बँकेचे कागद निकालाची वाट न बघता फेब्रुवारीतच काढून ठेवा. मेल आपल्या संध्याकाळी ७ ला पाठवला की त्यांच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, ऑफिस नुकतंच उघडलेलं. आठवडाभर उत्तर नाही आलं तर फोन करा किंवा ऑनलाइन वेळ मागा. फोनवर मुलगीच बोलू दे, बाबांनी शेजारी बसावं आणि आकडे हाताशी ठेवावेत. उत्तर येईपर्यंत डिपॉझिट भरायची घाई नको, ते बऱ्याचदा परत मिळत नाही.

एमएसला जाणाऱ्यांचं वेगळं आहे. तिथं घरच्या ऐपतीवर मदत क्वचितच मिळते, असिस्टंटशिपसाठी (शिकवण्यात किंवा संशोधनात मदत करून मिळणारे पैसे) डिपार्टमेंटला आणि प्रोफेसरांना लिहायचं, आणि जे. एन. टाटा एंडोमेंटची लोन स्कॉलरशिप बघायची.

उत्तर तीन प्रकारचं येऊ शकतं. पूर्ण वाढवून देतात, थोडं वाढवतात, किंवा नाही म्हणतात. थोडं वाढवलं तर त्यांच्याकडून लेखी घ्या की हे चारही वर्षं राहणार आहे की फक्त पहिल्या वर्षी. नाही म्हणाले आणि तुमच्याकडे खरोखर नवीन कागद असेल, म्हणजे तेव्हा मिळाला नव्हता असा, तरच दुसऱ्यांदा लिहा, तेच पत्र परत पाठवून काही होत नाही. उरलेल्या रकमेसाठी कर्ज बघताना लक्षात ठेवा की २०२४ ला आलेली पीएम विद्यालक्ष्मी योजना भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही, बाहेरच्या शिक्षणाला बँकेची स्वतःची योजना लागते आणि तारण नसेल तर व्याज बरंच जास्त पडतं. म्हणून सही करायच्या आधी ४ वर्षांच्या एकूण कर्जाचा हप्ता काढून घरातल्या सगळ्यांसमोर ठेवा, आणि केसीईटीनं मिळणारी इकडची सीट त्या दिवसापर्यंत सोडू नका.