‘शेरलॉक होम्स कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह’ खेळताना माहितगारांचा उपयोग कसा करावा

१९८१ साली प्रथम निघालेल्या आणि १९८५ मध्ये जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ (वर्षातील सर्वोत्तम खेळ) पुरस्कार मिळवणाऱ्या या बैठ्या खेळात फासे नाहीत आणि सोंगट्याही नाहीत. लंडनचा नकाशा, पत्त्यांची निर्देशिका, त्या दिवसाचे वर्तमानपत्र आणि प्रकरणाची पुस्तिका एवढ्या सामग्रीवर व्हिक्टोरियन काळातील गुन्हा उलगडायचा असतो. निर्देशिकेतून एखाद्याचा पत्ता काढायचा, त्या क्रमांकाचा उतारा पुस्तिकेत उघडून मोठ्याने वाचायचा, म्हणजे ती भेट पूर्ण झाली. समोरच्याला उलटा प्रश्न विचारण्याची सोय नाही. म्हणूनच कोणाकडे जायचे आणि केव्हा जायचे, यावरच इथे सारे अवलंबून असते.

आधी प्रकरणाची प्रस्तावना आणि वर्तमानपत्र सावकाश वाचून आपल्याला नेमके काय ठाऊक नाही ते लिहून काढावे. मृत्यू कसा आला, पैसा कोणाला मिळणार, मृत व्यक्ती शेवटची कोणाला भेटली, असे स्वच्छ प्रश्न हवेत. आधीच्या प्रकरणांची वर्तमानपत्रेही चाळावीत, कारण नियमांनुसार ती वापरता येतात आणि जुन्या अंकातली एखादी किरकोळ जाहिरात पुढे महत्त्वाची ठरू शकते.

मग प्रत्येक प्रश्नाला योग्य माहितगार शोधावा. मृतदेहाविषयीची माहिती सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील सर जॅस्पर मीक्स यांच्याकडे मिळते, तर वस्तू, डाग आणि रसायने यांसाठी गुन्हेशास्त्रज्ञ एच. आर. मरे यांच्याकडे जावे. मृत्युपत्राचा किंवा वारसाचा संशय आल्यास सॉमरसेट हाऊस गाठावे. प्रत्यक्ष इतिहासातही त्या काळी मृत्युपत्रांच्या आणि जन्म-मृत्यूच्या नोंदी त्याच वास्तूत ठेवल्या जात, त्यामुळे हा दुवा खेळापुरता रचलेला नाही. उच्चभ्रू वर्तुळातील कुजबुज लँगडेल पाइककडे असते, गुन्हेगारांच्या गोटातील बातमी खानावळवाल्या पोर्की शिनवेलकडे.

लेस्ट्रेड यांच्याबाबत थोडे सावध राहावे. स्कॉटलंड यार्डच्या या अधिकाऱ्याकडून वेळ, ठिकाण, जप्त वस्तू आणि अटक झालेल्याचे नाव हा तपशील जरूर घ्यावा. मात्र गुन्हा कोणी केला याविषयीचे त्यांचे मत वहीत वेगळ्या रकान्यात लिहावे. हीच वाटणी प्रत्येक माहितगाराला लावणे हिताचे, कारण ‘मी पाहिले’ आणि ‘मी ऐकले’ यांतला फरक उताऱ्यात बहुधा स्पष्ट असतो, पण मोठ्याने वाचण्याच्या ओघात तो कानावरून निसटून जातो. आपल्याकडे एकाने इंग्रजी उतारा वाचायचा आणि बाकीच्यांना मराठीत सांगायचा, असेही घडते; तेव्हा नावे, वेळा आणि पत्ते मूळ शब्दांतच टिपावेत.

माहितगाराचा उतारा ठरलेला असल्याने तुम्ही लवकर गेलात काय किंवा उशिरा गेलात काय, तो तेच सांगतो. बदलते ती आपली समज. सुरुवातीला निरर्थक वाटलेले एखादे आडनाव चार भेटींनंतर अचानक अर्थपूर्ण होते, म्हणून जुनी टिपणे दर थोड्या वेळाने पुन्हा वाचावीत. एखाद्या पत्त्यावर उताराच नसेल, तर या प्रकरणात तिथे काही मिळणार नाही असे समजून ती दिशा सोडून द्यावी.

सगळ्या माहितगारांना सरसकट भेटण्याचा मोह मात्र आवरावा. प्रकरणाच्या शेवटी दिलेल्या प्रश्नांची उत्तरे देऊन गुण मोजताना आपल्या भेटींची तुलना उकलीत दिलेल्या होम्सच्या भेटींशी होते आणि प्रत्येक जादा भेटीमागे ५ गुण कापले जातात. होम्स इतक्या थोड्या भेटींत निकाल लावतो की ही तुलना मला नवख्यांवर अन्याय करणारी वाटते. पहिल्या एक-दोन प्रकरणांत गुण बाजूला ठेवून खेळले तरी चालेल. तरीही प्रत्येक भेटीआधी ‘इथे आपल्याला काय कळायला हवे?’ हे एका वाक्यात सांगण्याची अट गटात घालावी, आणि ते वाक्य कोणालाच सांगता आले नाही तर ती भेट रद्द करावी.

शेवटचे प्रश्न उघडण्यापूर्वी टिपणांतील ज्या नावांचा अजून कशाशीच संबंध लागलेला नाही, ती पुन्हा तपासावीत. प्रश्नांचा दुसरा भाग मुख्य गुन्ह्याच्या आसपासच्या भानगडींवर असतो, आणि त्यांची उत्तरे बरेचदा याच सुट्या नावांत असतात.