मोबाईलवर माणूस गायब कसा करायचा: मेलिएसची ट्रिक, आपल्या खळ्यात

मे महिन्यात गावी पोरांची गँग जमली की दुपारी करायचं काय हा प्रश्न असतोच, आंबे तरी किती खाणार, तर एक उद्योग सुचवतो. मोबाईलवर माणूस गायब करायचा, कुठलंही फिल्टर किंवा एआय न वापरता, १८९६ साली पॅरिसजवळ जॉर्ज मेलिएस नावाच्या सुरुवातीच्या काळातल्या सिनेमावाल्याने केला तसाच.

हा मेलिएस मुळात जादूगार. बापाचा बुटांचा कारखाना होता पण ह्याचं लक्ष सगळं जादूत, मग धंद्यातला आपला वाटा भावांना विकून १८८८ मध्ये जादूच्या खेळांचं रॉबर्ट-हुदँ थिएटर विकत घेतलं. २८ डिसेंबर १८९५ ला ल्युमिए बंधूंचा पॅरिसमधला पहिला तिकीट लावलेला सिनेमाचा शो बघितला आणि तिथेच त्यांचं मशीन विकत मागितलं, त्यांनी दिलं नाही. मग लंडनच्या रॉबर्ट पॉलकडून प्रोजेक्टर आणला आणि त्यावरून स्वतःचा कॅमेरा बनवून घेतला. ट्रिक कशी सापडली ते तो स्वतः असं सांगायचा की ऑपेराच्या चौकात शूटिंग चालू असताना फिल्म अडकली, मिनिटभराने परत सुरू झाली, आणि नंतर पडद्यावर बघतो तर घोड्यांच्या बसची झाली शववाहिका! गोष्ट थोडी मीठमसाला लावलेली असेलही, जादूगारच तो शेवटी.

आता आपलं काम. जागा म्हणजे घरापुढचं खळं, सकाळी दहाच्या आसपास, ऊन स्वच्छ असताना. गणपतीत हे करायला जाऊ नका, ढग आला-गेला की उजेड बदलतो आणि चोरी लगेच पकडली जाते. समुद्रावर तर नकोच, वारा असतो, वाळूत पावलं उमटतात, आणि माणूस गायब झाल्यावर त्याचे पाय उमटलेले दिसले तर सगळीच गंमत गेली. माडाखाली पण नको कारण झावळ्यांची सावली सारखी हलते.

मोबाईल ट्रायपॉडवर, नसेल तर दोन जांभ्या दगडांच्या मधे घट्ट बसवा. एकदा ठेवला की हात लावायचा नाही, मेलिएसचा कॅमेरा पण असाच एका जागी खिळलेला असायचा, थिएटरात मधल्या खुर्चीत बसून बघितल्यासारखा. स्क्रीनवर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो (हे लोक हमखास विसरतात), फ्लाईट मोड टाका नाहीतर ऐन वेळी मुंबईहून कुणाचा तरी फोन येणार. रेकॉर्डिंग मधे थांबवू नका, एकच लांब शॉट घ्या.

एक जण जादूगार, एक जण खुर्चीवर. जादूगाराने खुर्चीवरच्याला चादरीने झाकायचं, हात वर करायचा आणि "थांब!" म्हटल्यावर जिथल्या तिथे गोठायचं, हात, मान, बोटं, सगळं. खुर्चीवरचा चादरीखालून हळूच सटकून फ्रेमबाहेर जातो, तिसरा माणूस चादर पुन्हा तशीच नीट करून बाजूला होतो, मग जादूगार चादर ओढतो. सगळा खेळ त्या गोठण्यात आहे. लहान पोराला जादूगार करू नका, "हलू नको रे झिला" असं ओरडून घसा बसेल, दशावतारात काम केलेला कोणी काका असेल तर त्याला पकडा, वेषात उभं राहायची सवय असलेला माणूस हलत नाही.

मग एडिटिंग. कुठलंही फुकटचं ॲप चालेल, मधला सटकण्याचा भाग कापून दोन टोकं जोडायची, पण फ्रेम-फ्रेम पुढेमागे करून हाताची जागा जुळवा. मेलिएस नुसता कॅमेरा थांबवायचा असा समज आहे, तसं नाही, तो फिल्म प्रत्यक्ष कात्रीने कापून चिकटवायचा, कारण कॅमेऱ्याचं हाताने फिरवायचं हँडल थांबवताना आणि सुरू करताना उजेडाचा फरक पडतो. थोडासा धक्का राहिलाच तर पुढच्या टेकला त्या क्षणी टाल्कम पावडर उडवा, धुराचा ढग तो पण वापरायचा. आणि खुर्चीखाली वर्तमानपत्र पसरा. त्याने बाई गायब केली त्या फिल्ममध्ये पण पसरलंय, स्टेजवर हे दाखवायला लागायचं की खाली चोरदरवाजा नाही, फिल्ममध्ये काही गरज नव्हती तरी पसरलं, मला तर त्या फिल्ममधलं सगळ्यात आवडतं तेच.

हे जमलं की एकाच माणसाचे दोन करा. १९०० साली मेलिएस एका फ्रेममध्ये स्वतःच सात वादक होऊन बसला, तीच फिल्म परत परत मागे गुंडाळून त्यावरच पुन्हा शूटिंग करून, काळ्या पार्श्वभूमीवर, आणि एक चूक झाली की पहिल्यापासून सगळं. आपल्याला मोबाईल न हलवता दोन क्लिप घ्यायच्यात, एकदा डावीकडे बसून एकदा उजवीकडे, मग एडिटिंगमध्ये एकीवर एक ठेवून वरच्या क्लिपची डावी किंवा उजवी अर्धी बाजू कापायची, म्हणजे खालच्या क्लिपमधला माणूस दिसेल. मधे खडूने रेघ आखून ठेवा, ओलांडली की हात तुटणार. दोन्ही क्लिप लगोलग घ्या, सावली सरकते. डोकं फुगवायची १९०१ ची ट्रिक सध्या सोडा, तिच्यासाठी त्याने स्वतःला उतारावरच्या खुर्चीत बसवून कॅमेऱ्याकडे ओढून घेतलं होतं.

जुना लूक हवा तर नुसतं ब्लॅक अँड व्हाईट करू नका, एडिटिंगमध्ये लाल रंग खाली आणि निळा वर करा. त्या काळच्या फिल्मला लाल काळा दिसायचा आणि निळं आकाश पांढरं, म्हणूनच तो पडदे आणि सामान राखाडी छटांमध्येच रंगवायचा. जांभ्याची भिंत मस्त काळपट येते. आवाज पूर्ण काढून टाका, आणि रात्री पडवीत चादरीवर दाखवताना कुणालातरी पेटी आणि झांज घेऊन बसवा.