ऑक्टेव्ह: पॅकेज आहे, पण फंक्शन सापडत नाही

ईसीजीतली वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण काढायला ऑक्टेव्ह या गणिती आकडेमोडीच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर बनवणारं ‘बटर’ फंक्शन चालवलं, तर ‘अनडिफाइन्ड’, म्हणजे असं फंक्शनच नाही! ते ज्यात असतं ते ‘सिग्नल’ पॅकेज (जादा फंक्शन्सचा संच) तर इन्स्टॉल होतं. ‘पीकेजी लिस्ट’ ही कमांड दिल्यावर उलगडा झाला: लोड झालेल्या पॅकेजच्या नावापुढे चांदणी येते, ‘सिग्नल’पुढे ती नव्हती. मॅटलॅब या तशाच विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये टूलबॉक्स (तिथलं पॅकेज) असला की झालं. इथे दर नव्या सत्रात ‘पीकेजी लोड सिग्नल’ द्यावंच लागतं. ते ज्यावर अवलंबून आहे ते ‘कंट्रोल’ पॅकेज मग आपोआप येतं.

रोजची कटकट नको म्हणून ही ओळ होम फोल्डरमधल्या, ऑक्टेव्ह उघडताना आपोआप चालणाऱ्या ‘डॉट-ऑक्टेव्हआरसी’ फाइलमध्ये टाकली. स्क्रिप्ट दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर मात्र ती ओळ स्क्रिप्टमध्येच वर लिहा. तुमची आरसी फाइल त्याच्या मशीनवर थोडीच असणार! आणि सगळीच पॅकेजेस त्यात कोंबू नका, ऑक्टेव्ह उघडायलाच उशीर होतो.