जुन्या सुती साडीचं पायपुसणं: घरच्या चौकटीवर कसं विणायचं

विरलेली सुती साडी नेसवत नाही आणि टाकवतही नाही. तिची गोधडी करायची तर थर जमवावे लागतात, आणि टाके घालायला बैठक लागते. विणायला मात्र एक लाकडी चौकट, खिळे आणि दोरी असली की भागतं. एका सहावारी साडीत 45 बाय 70 सेंटिमीटरचं पायपुसणं आरामात होतं.

सुरुवात कापडापासून. पायपुसण्याला सुतीच हवं. शिफॉन, नायलॉन पाणी टिपत नाही आणि फरशीवर घसरतं. साडी, चादर, परकर, लुंगी हे सगळं उत्तम. टी-शर्टचंही छान होतं, पण ते वेगळं विणा. ताणलं जाणारं आणि न ताणलं जाणारं कापड एकत्र आलं की धुतल्यावर एक भाग जास्त आटतो आणि विणीला पोक येतो. कापड आधी धुऊन कांजी काढून टाका. ओलं असताना पांढऱ्या फडक्यानं घासून पाहा. रंग लागत असेल तर ते बाजूला ठेवा. जरीचे काठ पायाला टोचतात, ते उसवून घ्या. साधे रंगीत काठ मात्र जपून ठेवा, मधे आडव्या पट्ट्यांसाठी त्यांच्यासारखं काही नाही.

साडी कात्रीनं कापत बसू नका. पदराकडून 4-4 सेंटिमीटरवर छोटी चीर द्या आणि लांबीच्या दिशेनं सरळ फाडत जा, धागा आपोआप सरळ रेष धरतो. हे गच्चीत किंवा गॅलरीत, नाकावर रुमाल बांधून करा, कारण तंतू खूप उडतात. चादर जाड असेल तर 3 सेंटिमीटर पुरे. साडेपाच मीटरच्या साडीतून जवळजवळ 150 मीटर पट्टी निघते. टी-शर्ट फाटत नाही; त्याचा बगलेखालचा भाग गोल गोल फिरत कापला की एकच लांब पट्टी मिळते.

पट्ट्या जोडताना गाठी मारू नका, त्या तळपायाला लागतात. दोन्ही पट्ट्यांच्या टोकांना सेंटिमीटरभर आत एकेक उभी चीर द्या. नव्या पट्टीचं टोक जुनीच्या चिरेतून वर काढा, मग नवीचं दुसरं टोक तिच्या स्वतःच्याच चिरेतून ओवून हळू ओढा. सपाट जोड बसतो.

चौकट आतून साधारण 50 बाय 75 सेंटिमीटरची घ्या. मोठ्या फोटोची जुनी चौकट मजबूत असेल तर चालते. वरच्या आणि खालच्या पट्टीवर दीड-दीड सेंटिमीटरवर 31 खिळे, डोकी किंचित बाहेर झुकवून ठोका. ताण्यासाठी, म्हणजे उभ्या धाग्यांसाठी, जाड सुती दोरी, अंदाजे 25 मीटर. सुतळी ओलाव्यानं कुजते, ती नको. खालच्या पहिल्या खिळ्याला दोरी बांधा, वर नेऊन शेजारशेजारच्या दोन खिळ्यांना वळसा घाला, खाली आणा, पुन्हा दोन खिळ्यांना वळसा, असं करत जा. दोन्ही कडेचे धागे दुहेरी करा. छेडल्यावर दोरी वाजली पाहिजे.

आता विणायला घ्या. आधी त्याच दोरीच्या चार-पाच ओळी घाला, म्हणजे कड बसते. मग पट्टी: एका धाग्यावरून, एका खालून, पुढच्या ओळीत उलट. एकाआड एक धाग्यांखालून लांब फूटपट्टी सरकवून ती उभी केली की मधे वाट होते आणि ती ओळ एका दमात जाते. परतीची ओळ हातानं.

सगळं कसब कडेला आहे. पट्टी सरळ ओढली की दर ओळीला कडेचे धागे जरासे आत येतात, लक्षात येत नाही, आणि शेवटी पायपुसण्याचा डमरू होतो. म्हणून पट्टी ओढून घेऊ नका. ती कमानीसारखी, मधे चार बोटं उंच ठेवा आणि कमान मधून सुरू करून दोन्हीकडे दाबत खाली बसवा. तो जास्तीचा झोल धाग्यांच्या वरखाली जाण्यात मुरतो. दरी विणणारे कारागीर ठोकायला लोखंडी पंजा वापरतात. घरी जेवणाचा काटा किंवा जाड दातांची फणी चालते. ताण्याची दोरी दिसेनाशी होईपर्यंत ठोका. अधूनमधून रुंदी फूटपट्टीनं मोजत राहा. ती कमी झालेली दिसली तर तेवढ्या ओळी लगेच उसवा, पुढे ती भरून निघत नाही.

वरच्या खिळ्यांपर्यंत विणत न्या. शेवटी हात शिरत नाही, तेव्हा पट्टी दाभणात ओवा. पुन्हा दोरीच्या चार-पाच ओळी घाला आणि फासे एकेक करून खिळ्यांवरून सोडवा. फासे न कापल्यामुळे वीण सुटत नाही. दोरीची दोन्ही टोकं गाठ मारून विणीत दडवा. काढल्यावर पायपुसणं थोडं आखडतं, ते साहजिक आहे.

गुळगुळीत फरशीवर खाली जाळीची रबरी चटई घालाच, विशेषतः घरात वयस्कर माणसं असतील तर. ओलं झाल्यावर याला बरंच वजन येतं, त्यामुळे एका कडेला चिमटे लावून तारेवर टांगू नका. कठड्यावर मधोमध टाका किंवा गच्चीत पसरून वाळवा.